मावशीची साक्ष : परिचारिका, सेवक आणि एकमेकांच्या कामाची पारख

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं रुग्णालयातल्या सिस्टर, आया आणि वॉर्डबॉय यांच्याशी काय काम? आम्ही वर्गात वर्षानुवर्षं जे शिकवलं, त्यातला निदान निम्मा भाग एका प्रश्नाभोवती फिरतो : कोणाचा शब्द प्रमाण मानायचा, आणि का? वर्गात याचं उत्तर चुकलं तर दोन-चार गुण जातात. रुग्णालयात चुकलं तर माणूस दगावतो. म्हणून हा विषय घेतला.

'परस्पर-मूल्यमापन' हा शब्द कानाला परका वाटतो, पण गोष्ट परकी नाही. बरोबरीनं काम करणाऱ्यांनी एकमेकांचं काम पाहावं आणि बरंवाईट सांगावं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना हेच चालतं. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकतात, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागतात. एक रांग ढिली पडली की जाळं तिरकं येतं आणि मासळी निसटते. त्यामुळे दोन्ही रांगांचं लक्ष एकमेकींवर असतं. कोण कुचराई करतो ते सगळ्यांना दिसतं, आणि त्याला तिथल्या तिथे चार शब्द ऐकावे लागतात. ते शब्द कसे असतात हे इथल्या मंडळींना सांगायला नको. शेवटी वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा वाटा वेगळा, पण ओढणाऱ्यालाही त्याचा वाटा मिळतो.

यात तीन गोष्टी आहेत. काम एकच आहे, ते सगळ्यांना दिसतं आहे, आणि फळात सगळ्यांचा वाटा आहे. आता रुग्णालयात या. काम एकच नाही. इंजेक्शन देणारीचं वेगळं, बेडपॅन देणारीचं वेगळं, लादी पुसणाऱ्याचं वेगळं. एकाचं काम दुसऱ्याला अर्धंच दिसतं. आणि फळ म्हणजे रोग्याचं बरं होणं. त्याचं श्रेय जातं डॉक्टरांकडे. अशा ठिकाणी एकमेकांची पारख कशी करायची, हा प्रश्न खरोखरच कठीण आहे, आणि त्याला इतिहास आहे.

सुरुवात चरकापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय चिकित्सेच्या चार पायांचा आहे : वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण दिले आहेत. उपस्थात्याचे गुण म्हणजे उपचाराचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी ममता आणि शुचिता. आमच्या मते यातला पहिला गुण सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण शुश्रूषा करणाऱ्याला नुसती आज्ञा पाळता येणं पुरेसं नाही, त्याला कळलंही पाहिजे, हे तिथे मान्य केलं आहे.

पण पंधराव्या अध्यायात याच उपस्थात्याचे तुकडे झालेले दिसतात. तिथे उपचारगृह कसं सज्ज ठेवावं याचं वर्णन आहे, आणि माणसांची यादी आहे : भात-कढण रांधणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रोग्याला उठवणारे, निजवणारे, औषध कुटणारे, शिवाय गाणारे आणि गोष्टी सांगणारेही. ही सोय राजेरजवाडे नि धनिकांसाठी होती हे विसरायला नको. गावच्या गरिबाला त्याची बायको हेच सर्व काही होतं. तरी यादी बघा. आजच्या वॉर्डातलं प्रत्येक काम तिथे आहे आणि प्रत्येकाला नाव आहे.

आता त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात एक सुंदर प्रकरण आहे, वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी याचं. तिचे दोन प्रकार : संधाय संभाषा, म्हणजे सलोख्यानं केलेली, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे वादात हरवण्यासाठी केलेली. कोणाशी कोणती करावी, समोरचा कसा ओळखावा, सगळं बारकाईनं सांगितलं आहे. जगातल्या परस्पर-मूल्यमापनाचा इतिहास लिहिणारे नवव्या शतकातल्या अल-रुहावी या वैद्यलेखकापासून आरंभ करतात. वैद्यानं नोंदी ठेवाव्यात आणि रोगी दगावला तर इतर वैद्यांनी त्या तपासाव्यात, असं त्यानं लिहिलं आहे. त्यांच्या आधीच्या पानावर चरकाची ही संभाषा ठेवायला हरकत नाही. मात्र दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. वैद्य वैद्याची परीक्षा करतो. अंग चेपणाऱ्याला, निजवणाऱ्याला त्या सभेत जागा नाही. तो परीक्षेचा विषय आहे, परीक्षक नाही.

इथे आम्हाला न्यायदर्शन आठवतं. न्यायसूत्रांत शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोण? वात्स्यायनाच्या भाष्यात याचं उत्तर आहे. ज्यानं वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि मग भाष्यकार पुढे सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. विचार करा, केवढी मोठी गोष्ट आहे ही! साक्षीचं मोल माणसाच्या पायरीवर नाही, तो वस्तूच्या किती जवळ होता यावर आहे. आपल्या दर्शनकारांनी हे लिहून ठेवलं आणि आपल्या समाजानं ते ग्रंथातच राहू दिलं. रुग्णालयात रोग्याच्या शरीराच्या सर्वांत जवळ कोण असतं? जी त्याला पुसते, कूस बदलते, चादर काढते, ती. आपण तिला मावशी म्हणतो.

या नावांचीही गंमत आहे. नर्सला आपण सिस्टर म्हणतो, कारण हे काम युरोपात ख्रिस्ती जोगिणींनी केलं. आयेला मावशी, वॉर्डबॉयला मामा. वॉर्डात सगळं आजोळ भरलेलं असतं. डॉक्टर मात्र कोणाचे काका होत नाहीत, ते साहेबच. सरकारी कागदावर हीच माणसं अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, कक्षसेवक, सफाईगार अशी उतरंडीनं लावलेली असतात. नात्याच्या नावात माया आहे, पण मावशीला तिचं मत कोणी लेखी विचारत नाही.

आधुनिक नर्सिंगमध्ये मूल्यमापन आलं ते फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंपासून. १८५४च्या नोव्हेंबरात त्या ३८ जणींना घेऊन स्कुटारीला पोचल्या, तेव्हा तिथल्या लष्करी इस्पितळात रोग्यांची उठाठेव ऑर्डर्ली करत. हे ऑर्डर्ली म्हणजे बहुधा आजारातून नुकते उठलेले शिपाई. शिकवलेले नव्हते आणि बरे झाले की पलटणीत परत जायचे. १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात बाईंच्या नावानं शाळा निघाली. तिथे शिकाऊ नर्सचा दरमहा एक तक्ता भरला जाई. एकीकडे वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप. दुसरीकडे पट्ट्या बांधणं, जळवा लावणं, बिछाना घालणं. वॉर्डची सिस्टर आणि मेट्रन तो भरत. आमच्या दृष्टीनं हा तक्ता फार मोलाचा दस्तऐवज आहे, कारण 'चांगली नर्स' या धूसर कल्पनेचे त्यानं मोजता येतील असे तुकडे केले. पण दिशा बघा. वरून खाली. शिकाऊ मुलीनं सिस्टरविषयी काही लिहावं असा रकाना त्यात नव्हता.

हीच दिशा इंग्रजांबरोबर मुंबईत आली. आपल्याकडे तिला जातीची जोड मिळाली, आणि मग गुंता झाला. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावणं हे सवर्ण घरातल्या बाईला निषिद्ध. त्यामुळे सुरुवातीच्या नर्सेस युरोपीय, अँग्लो-इंडियन नि देशी ख्रिस्ती. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या ठाण्याच्या काशीबाई गणपत यांचा उल्लेख पहिल्या भारतीय विद्यार्थिनी म्हणून येतो. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं राहिलं. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या प्रयत्नांतून तिथल्या मुली, त्यांत विधवा पुष्कळ, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. शहरात त्यावर टीका व्हायची ती झालीच. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४मध्ये रुग्णालय उघडलं आणि पुढे तिथे नर्सेसना शिकवणंही सुरू झालं. आपल्या वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स रुग्णालय त्याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. डॉ. गोहीन यांचं नाव जुन्या वेंगुर्लेकरांच्या घरांत अजून निघतं.

मध्यमवर्गातल्या मुलींना हे काम प्रतिष्ठेचं वाटावं म्हणून नर्सिंगची 'विद्या' आणि 'हलकं काम' यांच्यात रेघ ओढली गेली. तापमान, औषध, पट्टी ही विद्या. बेडपॅन, लादी, मळलेली चादर हे हलकं काम. ते कोणाकडे गेलं, तर ज्यांच्याकडे जातीनं पिढ्यान्‌पिढ्या होतं त्यांच्याकडेच. नर्सला सन्मान मिळाला हे चांगलंच झालं, पण तो मिळवताना तिच्या शेजारच्या माणसाशी तिचं अंतर वाढलं. चरकाचा उपस्थाता दुभंगला. ज्ञान एका बाजूला, स्पर्श दुसऱ्या बाजूला.

हे नुसतं तात्त्विक वाटत असेल तर पाठीच्या जखमेचं उदाहरण घ्या. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या माकडहाडापाशी, टाचेशी, खुब्यापाशी दाबानं रक्त पोचेनासं होतं. पहिली खूण म्हणजे लाली. बोट दाबून काढलं तरी न जाणारी लाली. त्या वेळी कळलं, दर दोन तासांनी कूस बदलली, कातडी कोरडी ठेवली, तर जखम टळते. दोन-तीन दिवस उशीर झाला तर खड्डा पडतो आणि मग महिनोन्‌महिने तो भरत नाही. आता ही लाली पहिल्यांदा कोणाला दिसणार? पाठ पुसणारीला. आणि कूस बदलायला दोन माणसं लागतात. एकट्या सिस्टरनं ते होत नाही, एकट्या मावशीनं तर नाहीच.

आमच्या घरातल्या एका लांबलेल्या आजारपणात आम्ही बरेच दिवस एका रुग्णालयात सोबतीला होतो. नाव सांगण्याचं कारण नाही. तिथल्या मावशीनं अशी लाली आम्हाला दाखवली. 'सिस्टरना सांगितलंत का?' असं आम्ही विचारलं, तर म्हणाली, 'आमी कशाला सांगूचा? तुमीच सांगा, तुमचा ऐकतीत.' सिस्टर काही वाईट नव्हत्या. आम्ही सांगितल्यावर लगेच आल्या. पण निरोप मावशीकडून रोग्याच्या नातलगाकडे आणि तिथून सिस्टरकडे असा गेला. वॉर्डाच्या आत सरळ वाट नव्हती.

आता पुढच्या शतकात जाऊ. डॉक्टरांच्या परस्पर-परीक्षेचं नवं पर्व अमेरिकेत सुरू झालं. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन म्हणू लागले की प्रत्येक रोग्याचं शेवटी काय झालं ते वर्षभर पाहावं आणि जाहीर करावं. त्यांनी स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रोग्यांमध्ये १२३ चुका मोजल्या आणि त्या छापल्या! अर्थातच सहकाऱ्यांना ते आवडले नाहीत. पुढे शल्यविशारदांच्या अमेरिकन संघटनेनं शंभरावर खाटा असलेली ६९२ रुग्णालयं तपासली, तर किमान अटी पुऱ्या करणारी निघाली ८९. १९१९ साली आकडे जाहीर केले, पण नावांची यादी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली, कारण नापासांत नामवंत रुग्णालयं होती. मूल्यमापन करणाऱ्यांना मूल्यमापनाची केवढी भीती वाटते, बघा.

आपल्याकडे यादी जाळायची गरज पडली नाही, कारण ती दाखवलीच जात नव्हती. सरकारी नोकरीतला गोपनीय अहवाल तुम्हाला माहीत आहे. साहेबानं लिहायचा, पाकिटात घालायचा. ज्याच्याविषयी लिहिला त्याला वाईट शेरा असेल तरच कळायचं. २००८ साली देवदत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, त्या कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. महाराष्ट्रातही 'गोपनीय अहवाल' हे नाव मागे पडून 'कार्यमूल्यमापन अहवाल' आलं. पाकीट उघडलं, पण लेखणी वरच्याच्या हाती राहिली.

आणि मनुष्यबळाचं काय? १९४६च्या भोर समितीच्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी साधारण ७,००० नर्सेस मोजल्या आहेत, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टर ६,३०० माणसांमागे एक होता. म्हणजे डॉक्टरांपेक्षा नर्सेस कितीतरी कमी. रुग्णालयाची उतरंड वरती रुंद आणि खाली अरुंद होती. मग रात्रीचा वॉर्ड कोण सांभाळत होतं? रोग्याचे नातलग आणि आया-वॉर्डबॉय. मोजणीत त्यांचा रकाना शोधायला जाऊ नका.

या सगळ्याला छेद देणारी एक गोष्ट महाराष्ट्रातच घडली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. नगर जिल्ह्यातला दुष्काळी भाग. गावांत नर्स ठेवायचा विचार आधी झाला, पण शिकलेल्या तरुण नर्सेसना खेड्यात एकट्यानं राहणं जमेना, नि गावालाही त्या परक्या. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. निवडलेल्या बायकांत कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करत आणि आपापल्या गावात काय झालं ते एकमेकींना सांगत. कोणाच्या गावात बाळंतीण अडली, कोणाच्या गावात पोरं जुलाबानं गेली, कोणी काय केलं. डॉक्टर, नर्स, सामाजिक कार्यकर्ते ऐकायला बसलेले. फिरतं पथक गावात आलं की तिथली परिस्थिती ही बाई सांगणार, पथक तिच्याबरोबर घरोघर जाणार. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. आम्हाला त्यातली चरकाची संधाय संभाषा दिसते. फरक इतकाच, की चरकानं ती वैद्यांपुरती ठेवली आणि इथे ती भाकरी थापणाऱ्या हातांकडे गेली. त्या बायांना कोणी गुण देत नव्हतं. पण खोटं सांगितलं तर शेजारच्या गावच्या बाईला ते कळणारच होतं.

जामखेड सरकारी चौकटीबाहेर होतं, असा आक्षेप कोणी घेईल. बरं, मग परळला चला. केईएम रुग्णालय, महानगरपालिकेचं, १९२६पासूनचं. गिरणगावातल्या आपल्या चाकरमान्यांचं हक्काचं. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातल्या एका सफाई कामगारानं प्राणघातक हल्ला केला. मुंबईच्या परिचारिकांनी तेव्हा संप केला. खरं म्हणजे या घटनेनंतर सिस्टर आणि खालचा कर्मचारी यांच्यातला विश्वास कायमचा तुटायला हवा होता. काय झालं? त्याच रुग्णालयात अरुणाताई १८ मे २०१५पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, अंथरुणाला खिळून जगल्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. त्यांना शुद्धीत पाहिलेली शेवटची सहकारी निवृत्त होऊन गेली, तरी नव्या मुली त्यांना भरवत राहिल्या. २०११मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता, की या बाईंच्या वतीनं बोलण्याचा अधिकार कोणाचा? लेखिकेचा, जिनं तळमळीनं याचिका केली, की रोज अंग पुसणाऱ्यांचा? न्यायालयानं केईएमच्या कर्मचाऱ्यांचा शब्द मानला. दयामरणाबद्दल आपली मतं वेगवेगळी असतील, तो वाद आज बाजूला ठेवू. आम्हाला त्यात वात्स्यायनाचा आप्त दिसतो : जो जवळ होता, त्याची साक्ष.

आणि ती साक्ष तपासायची कशी? निकालपत्रात नोंद आहे की इतक्या वर्षांत त्यांना एकही पाठीची जखम झाली नाही. मघाशी सांगितलं त्यावरून या एका नोंदीचा अर्थ तुमच्या लक्षात येईल. चार दशकं, दिवसरात्र, कोणीतरी दुसऱ्याला 'जरा हात लाव' म्हणालं आणि दुसऱ्यानं लावला. हे प्रमाणपत्र कोणत्याही अहवालापेक्षा वजनदार आहे. फक्त त्यावर नावं मावत नाहीत.

डॉक्टरांच्या जगातही भिंत थोडी हलली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रोगी बाहेर नेण्याआधी सगळ्यांनी थांबायचं. कोणीतरी एक, बहुतेक वेळा नर्स, यादी मोठ्यानं वाचणार. प्रत्येकानं आपलं नाव नि काम सांगायचं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्ली होती, ती वापरून पाहिली. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८वर आलं आणि गुंतागुंत ११वरून ७ टक्क्यांवर. नर्सनं सर्जनला 'थांबा' म्हणायचं, आणि सर्जननं थांबायचं! जुन्या पिढीतल्या डॉक्टरांना हे पचायला जड गेलं असणार.

आता आपल्या दाराशी येऊ. २०१५ साली केंद्र सरकारनं 'कायाकल्प' योजना आणली. स्वच्छता, जंतुसंसर्ग, कचरा या बाबतींत सरकारी रुग्णालयांची तपासणी तीन टप्प्यांत होते. आधी रुग्णालय स्वतःच स्वतःला तपासतं. ७० टक्के मिळाले तर दुसऱ्या रुग्णालयाचे लोक येऊन तपासतात. याच टप्प्याला परस्पर-मूल्यमापन म्हणतात. तिथेही ७० टक्के मिळाले तर बाहेरचे परीक्षक. जिल्हा रुग्णालयासाठी मूळ यादीत २५० मुद्दे, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, म्हणजे ५००. तपासायच्या रीती चार : डोळ्यांनी पाहणं, कर्मचाऱ्यांना विचारणं, नोंदी बघणं, रोग्यांशी बोलणं. बक्षिसाच्या रकमेतला पाऊण हिस्सा रुग्णालयाच्या सुधारणेला आणि पाव हिस्सा काम करणाऱ्या चमूला. म्हणजे रापणीसारखे वाटे इथे प्रथमच आले.

आम्हाला ही योजना मनापासून आवडते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात जाणाऱ्याला बांबोळीला किंवा कोल्हापूरला धावावं लागू नये असं वाटत असेल, तर अशाच कंटाळवाण्या याद्यांतून ते होईल, भाषणांतून नाही. आमच्यासारख्यांच्या तर नाहीच. पण यादी नीट वाचली की जुनी रेघ पुन्हा दिसते. पिवळ्या पिशवीत काय टाकतात, ब्लीचिंगचं पाणी कसं करतात, हात किती पायऱ्यांत धुतात, हे सफाई करणाऱ्याला विचारलं जातं. त्यानं उत्तर दिलं तर गुण रुग्णालयाला. त्यानं मात्र कोणाला विचारायचं नाही. 'सिस्टर, तुम्ही सुई त्या डब्यात टाकता की ट्रेमध्ये ठेवून जाता?' हा प्रश्न विचारायचा खरा हक्क त्याचा आहे, कारण ती सुई त्याच्या हातात घुसते.

आणि तो तिथे किती दिवस असणार? अनेक सरकारी रुग्णालयांत सफाईचं काम ठेकेदाराकडे गेलं आहे. त्याचा मालक रुग्णालय नाही, ठेकेदार आहे. उद्या त्यानं सिस्टरची किंवा डॉक्टरांची चूक दाखवली तर परवा दुसरा माणूस येईल. स्कुटारीचे ऑर्डर्ली पलटणीत परत जात होते, हे ठेक्याबरोबर जातात. ज्याचं उद्याचं काम पक्कं नाही, त्याच्याकडून खऱ्या साक्षीची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. सिस्टरांचीही बाजू आहे, ती विसरून चालणार नाही. रात्री एका परिचारिकेकडे सगळा वॉर्ड, वर रजिस्टरं, वर ऑनलाइन नोंदी. चूक झाली तर नोटीस तिलाच. तिला मावशीचं बोलणं ऐकायला वेळ नसतो, हा उद्धटपणा नसून हिशोब आहे.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. 'मावशी-मामांना सिस्टरांच्या कामाला गुण द्यायला लावले तर वॉर्डात भांडणं होतील. त्याचं काय?'

होतील. म्हणून गुणांपासून सुरुवात करू नये असं आमचं मत आहे. गुण आले की हिशोब चुकते करणं येतं. ती विगृह्य संभाषा. आधी साक्ष नोंदवण्यापासून सुरुवात करावी. ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला चार्ज देते, खाटेखाटेशी जाऊन. त्या वेळी मावशी नि मामा यांनी तिथे उभं राहावं आणि फक्त तीन गोष्टी सांगाव्यात : कोणाच्या अंगावर लाली दिसली, कोण जेवला नाही, काय सामान संपलं. सिस्टरनं ते त्याच वहीत, सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहावं. महिन्याभरानं वही काढून बघावी, कोणाचं सांगणं खरं ठरलं, कोणाचं ऐकून काही केलं गेलं आणि कोणाचं राहिलं. त्यात दोघांचीही पारख आपोआप होते, सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याचीही.

अडचण एकच, ती साधी आहे. अनेक ठिकाणी परिचारिकांची पाळी एका वेळी बदलते आणि सेवकांची दुसऱ्या वेळी, त्यामुळे चार्ज देताना मावशी एकतर निघून गेलेली असते किंवा अजून एसटीत असते. या दोन वेळा जुळवायला निधी लागत नाही, मंत्रालयात जावं लागत नाही. अधिसेविका आणि सफाईचा ठेकेदार यांनी एका टेबलाशी बसून वेळापत्रक करायचं आहे. इथे मागच्या रांगेत रुग्णालयातल्या दोघी-तिघी बसल्या आहेत असं आम्हाला कळलं. त्यांच्याकडे पाळ्या कशा बदलतात, ते आता त्यांनीच सांगावं. माइक तिकडे द्या.